वीतभर भिंत आणि पुरुषभर पाणी

इतरांच्या विज्ञानाला आम्लांचा आणि जळत्या गंधकाचा वास येत असेल. माझ्या विज्ञानाला घासलेटचा वास येतो. रिकामा डबा राखेने तीनदा घासावा, दिवसभर उन्हात पालथा घालावा, खिळ्याने त्याला भोकं पाडावीत, आणि इतकं करून त्यात पाणी ओतलं की तो वास हळूच वर यायचा. पाण्यावर मोरपिशी तवंग पसरायचा आणि माझ्या बोटांना तो दिवसभर पुरायचा. पुढचा तास संस्कृतचा असे. मी सरोवराचं वर्णन लावू लागले की पहिल्या बाकावरच्या मुली पदर नाकाशी नेत. त्यांचं म्हणणं असं, की बाईंच्या कमळांना घासलेटचा वास येतो.

मी मूळची सांगलीची. शिक्षण मराठी आणि संस्कृत काव्याचं. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली तीही कविता शिकवण्यासाठी. पण ते युद्धाचे दिवस होते. विज्ञानाचे मास्तर लष्कराच्या कुठल्याशा कारखान्यात नोकरीला लागले, आणि मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिकेला आम्ही सगळ्या असंच म्हणत असू) मला बोलावून सांगितलं, "उद्यापासून पदार्थविज्ञान तुमच्याकडे."

"मला त्यातलं काही येत नाही," मी म्हणाले.

"मुलींनाही येत नाही. बरोबरच शिका."

पुस्तक उघडलं तर खूण होती दाबाच्या प्रकरणावर. मास्तर तिथवर आले आणि निघून गेले. पुढची तीस वर्षं मी ते प्रकरण शिकवलं. बाकीची प्रकरणं मी कर्तव्य म्हणून शिकवली. हे मात्र प्रेमाने.

ज्या वाचकांचा या विषयाशी शाळेतच काडीमोड झाला असेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. जोर वेगळा आणि दाब वेगळा. तोच जोर थोड्या जागेवर टेकला तर दाब वाढतो, पुष्कळ जागेवर पसरला तर कमी होतो. म्हणून सुई कापडातून जाते आणि अंगठा जात नाही. म्हणून पाणी आणणारी बाई घागरीखाली चुंबळ ठेवते. घागरीचं वजन तेवढंच राहतं, पण ते डोक्यावर पसरतं. काळ्या रानात चाकांची लोखंडी धाव अरुंद असली की गाडी रुतते ती याच कारणाने. ही सगळी उदाहरणं माझ्या मुलींच्या डोक्यावर, बोटांवर आणि पायांखाली आधीपासून होती. मी फक्त त्यांना नाव दिलं.

नाव देण्याच्या या कामी शाळेचा शिपाई गणू याने मोठाच हातभार लावला. गणू एकेकाळचा पैलवान. यात्रेच्या फडात छातीवर दोन माणसं उभी करून घेण्याबद्दल त्याची ख्याती होती. मी त्याला वर्गात आडवा केला, छातीवर फळी ठेवली आणि फळीवर चार मुली उभ्या केल्या. गणू खालून म्हणाला, "आजून दोघी येऊ द्या, बाई. हे काय, चिमण्या बसल्यागत वाटतंय." मुलींचा गलका ऐकून मोठ्या बाई आत आल्या. त्यांच्या पायांत पुण्याहून आणलेले, निमुळत्या टाचेचे बूट. फळीवरचं दृश्य पाहून त्या एक पाऊल मागे सरल्या, आणि ती टाच गणूच्या पसरलेल्या तळहातावर टेकली. मोठ्या बाईंचं सगळं वजन फळीवरच्या कुठल्याही दोघींपेक्षा कमी भरलं असतं. पण चार मुलींखाली गमतीने बोलणारा पैलवान त्या टाचेखाली असा विव्हळला, की फळीवरच्या चौघी एकदमच खाली आल्या. परीक्षेत साऱ्या वर्गाने दाबाचं उदाहरण म्हणून हेच लिहिलं. मोठ्या बाईंनी उत्तरपत्रिका वाचल्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर चपला घालून आल्या.

घन पदार्थाशी माझं असं जुळलं. पाण्याने मात्र मला पहिल्याच दिवशी उघडं पाडलं.

मी शिकवत होते, पाण्याला वजन असतं, म्हणून पाणी खाली दाबतं. मागच्या बाकावरून यमुना उठली. कोरेगावच्या बाजूच्या, कृष्णेकाठच्या एका ऊसकरी घरातली ही मुलगी साताऱ्याला मावशीकडे राहून शिकत होती. बोलायची क्वचित, आणि बोलली की पुस्तकी भाषा चार शब्दांनंतर सोडून द्यायची.

"बाई, पाणी वरच्या अंगाला पण रेटतं."

"खाली बस," मी म्हणाले. "वजन वर कसं जाईल?"

ती बसली नाही. "आमच्या गावाला पुराच्या पाण्यात काईल घालत्यात. गुळाची काईल, रस आटवायची. तिच्यात बसून पल्याड जात्यात. रिकामी काईल पाण्यावर ठेवून वरनं दोन हातांनी दाबली की कळतंय. खालनं कुणीतरी ढकलल्यागत लागतंय हाताला."

मी तिला पुन्हा बसायला सांगितलं, आणि जरा कडक आवाजात. घरी येऊन पुस्तक पुढे वाचलं तर दोनच पानांनंतर छापलं होतं, की द्रवाचा दाब खाली, वर आणि बाजूंना, सगळीकडे सारखाच पोचतो. काहिलीच्या तळाला पाण्याचा हात लागतो तो याचमुळे. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली. तिने मान डोलावली, जणू मला वेळेवर समजलं हेच पुष्कळ. त्या दिवसापासून आम्ही दोघी खरोखरच बरोबर शिकू लागलो.

पाण्याच्या दाबाचं दुसरं वैशिष्ट्य तिने माझ्याआधी ओळखलं. टेबलावर ठेवलेल्या डब्याला एकाखाली एक अशी तीन भोकं पाडून पाणी भरलं, तर वरच्या भोकातून धार नुसती ओघळते, मधल्यातून जरा लांब पडते, आणि तळाजवळची थेट फरशीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत झेपावते. जितकं खोल, तितका दाब. हे कुणालाही पटतं. पुढचं मात्र पटत नाही. डब्याइतकाच उंच, पण मनगटाएवढा अरुंद वेळू घेतला, आतल्या गाठी फोडल्या, तळाशी तसंच भोक पाडून पाण्याने भरला, तर त्याचीही धार त्याच तिसऱ्या ओळीवर पडते. पाणी थोडं असो की पुष्कळ, भिंतीवरचा दाब फक्त खोलीला ओळखतो. आपल्याकडे माणसं तळं पाहून भितात, रांजण पाहून भीत नाहीत. आख्ख्या सातारा जिल्ह्याची ही समजूत आहे, आणि याच समजुतीपायी एक दिवस यमुनेचे वडील मोठ्या बाईंच्या मागोमाग माझ्या वर्गात येऊन उभे राहिले.

त्यांना सगळे तात्या म्हणत. उंच, सडसडीत माणूस. डोक्याला फेटा, अंगात मागच्या महायुद्धातला, कोपरांवर ठिगळं लावलेला खाकी कोट. त्या युद्धात ते बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. कोटाला नव्या चुन्याचा ओलसर वास येत होता.

"राम राम, बाई. पोरीचं नाव काढायला आलोय."

"का हो, तात्या? हुशार मुलगी आहे."

"तीच तर अडचण हाय." ते बाकावर टेकले, पण पाठ ताठच. "विहिरीखालच्या उताराला हौद बांधायला घेतलाय. मोटंचं पानी थारोळ्यातनं हौदात. बैलं गुऱ्हाळाला गेली तरी उसाला पानी. गवंडी म्हनला वीतभर भिंत बास. मी म्हनलं बास. आन ही सुट्टीला आली न् समद्यांम्होरं म्हनती, तात्या, हौद पायथ्याला फुटंल. वीस मानसं व्हती तिथं. गवंडी हसतोय, गडी हसत्यात. बापाला गवंड्याम्होरं खोटं पाडायला शाळा काढलीया व्हय?"

"पाणी किती खोल?" मी विचारलं.

"पुरुषभर. वर हातभर आजून."

"आणि भिंत वीतभर?"

"आवं, पानी कितीसं हाय? चार हात लांब, चार हात रुंद. तळं न्हाई बांधत मी. थोडं पानी, थोडा जोर. त्याच्यापायी उसाची जागा कशाला खाऊ?"

मी डबा आणि वेळू शेजारी शेजारी ठेवले आणि गणूकडून पाणी भरून घेतलं. दोन्ही धारा एकाच फरशीवर पडल्या. तात्यांनी वेळूच्या आत डोकावून पाहिलं, मग मागे, मग गणूकडे संशयाने.

"अंगठा लावून बघा," मी म्हणाले.

त्यांनी डब्याच्या वरच्या भोकावर अंगठा ठेवला. नांगराचं रुमणं धरून धरून दगड झालेला तो अंगठा. पाणी मुकाट्याने थांबलं. मग खालच्या भोकावर ठेवला. पाण्याने त्याला खालून वरून चाचपलं, एक फट शोधली आणि कोटाची तीनही बटणं भिजवली. मोठ्या बाईंनी फळा पुसायचं फडकं पुढे केलं.

"लय आडदांड हाय," तात्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले. क्षणभर मला वाटलं, जिंकलं. पण ते उठले आणि कोट झटकला. "पन डबा तो डबा. हौद म्हंजी हौद."

"तात्या, पाण्याला काय कळतं डबा कुठला आणि हौद कुठला?"

"मग बघूच की. फाल्गुनात हौद भरतोय. तुमी या. फुटला, तर पोरगी तुमची, मॅट्रिकपातूर शिकवा. राहिला उभा, तर शाळंचं नाव काढायचं न्हाई. सोयरीक आलीया चांगली, उन्हाळ्यात बार उडवून टाकतो. तवर ती घरी राहील. हाय कबूल?"

दारात यमुना उभी होती. कवितांच्या भेंड्यांपलीकडे कशावरही पैज न लावलेली मी म्हणाले, "कबूल."

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "तुम्ही काय कबूल केलंत ते समजलं का? एका भल्या माणसाचा हौद फुटू दे, असं आता रोज देवाला सांगायचं."

"मी देवाला कशाला सांगू? शास्त्रच सांगतं."

"शास्त्राने भिंत पाहिली आहे का?"

इथेच माझं घोडं अडलं होतं. दाब किती पडेल हे शास्त्र बिनचूक सांगतं. भिंत किती सोसेल हे चुन्याला विचारावं लागतं, आणि चुना मला ओळखत नव्हता. माघाचा सगळा महिना मी पाटीवर दाबाच्या आकृत्या काढल्या, हिशेब मांडले. पायथ्याला दाब इतका, विटेची जाडी इतकी. कधी हौद फुटायचा, कधी तरायचा. मागच्या बाकावरची रिकामी जागा पाहिली की मी पुन्हा पाटी पुसायची.

फाल्गुनातल्या ठरल्या सकाळी कोरेगाव रस्त्याच्या फाट्यावर तात्यांनी माझ्यासाठी बैलगाडी पाठवली होती. गाव दिसायच्या आधी गुऱ्हाळ आलं. उकळत्या रसाचा दाट, गोड, किंचित जळका वास साऱ्या रानावर पातळ मलमलीसारखा अंथरला होता. विहिरीवर मोट चालू होती: चाकाची लांबलचक कुरकुर, मोटकऱ्याची आरोळी, मग थारोळ्यात कोसळणाऱ्या पाण्याचा भरदार हुंकार. तिथून पाणी एका लहान पाटाने हौदात उतरत होतं. गावातली माणसं लग्नाला यावीत तशी आली होती. यमुनेच्या आईने मला थारोळ्याजवळ, चिंचेच्या सावलीत घोंगडं घालून बसवलं आणि पितळी तांब्यात रस दिला. तिथून हौदाचं तोंड तेवढं दिसे. बाकीचा हौद उताराला खाली.

"खालच्या बाजूला कुणी थांबू नका," मी जाताच सांगितलं.

"ऐकलं का रं," गवंडी ओरडला, "खाली थांबू नगा. बाईंनी छत्री आनली न्हाई." माणसं हसली.

यमुना आईच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पाण्याकडे.

दुपारपर्यंत पाणी कमरेएवढं चढलं. आतल्या गिलाव्यावर ओलीची काळी रेघ पाण्याच्याही बोटभर पुढे चढत होती. मी कान देऊन ऐकत होते. कुठे चुना तडकतो का, विटेची कुरकुर येते का. मोट रिकामी होऊन क्षणभर शांतता झाली की मी घोंगड्यावरून अर्धी उठे. आणि मग, रसाचा दुसरा घोट घेताना, मी स्वतःला पकडलं. ज्या माणसाच्या घरचा रस पीत होते, त्याच्याच वर्षभराच्या कष्टांवर डोळे लावून, ते केव्हा कोसळतात याची मी वाट पाहत होते. काव्याने मन कोमल होतं असं मी वर्गात सांगत असे. तांब्या मी खाली ठेवला. पण वाट पाहणं काही थांबलं नाही. तेही इथे लिहिलंच पाहिजे.

उन्हं कलली तेव्हा पाणी काठाला आलं. शेवटच्या मोटेचं पाणी हौदाच्या ओठावरून ओघळलं आणि उतारावर चमकत गेलं. हौद उभा होता.

गवंड्याने टाळी वाजवली. कुणी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. तात्या हसले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. फेटा सोडून पुन्हा बांधू लागले.

मी उठले. हौदाजवळ जाऊन निदान त्या भिंतीला हात लावावा, तिने काय सोसलं ते विचारावं, असं वाटलं. उताराने खाली उतरले आणि थबकले. हौदाच्या उघड्या तिन्ही अंगांना मातीचा भराव होता. दगड घालून, पाणी मारून धुमसाने ठोकलेला, वरून शेणाने सारवलेला. तळाशी दोन हात रुंद; वर निमुळता होत होत छातीच्या उंचीला भिंतीत मिसळून गेलेला. जिथे पाणी सर्वांत खोल, तिथे माती सर्वांत जाड. माझ्या पाटीवरची आकृतीच कुणीतरी चिखलात काढली होती. त्या भरावाच्या कडेला एक म्हैस बांधली होती, आणि ती डोळे मिटून रवंथ करत होती.

यमुना माझ्या मागोमाग आली होती.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"मागल्या आठवड्यात." तिचा आवाज अगदी खाली होता. "एकट्यानं घातला तात्यांनी. गडी लावला न्हाई. म्हशीला चिखलात उभं राहायला नको म्हणून, असं सांगतात सगळ्यांना."

"म्हशीसाठी?"

"व्हय." मग वरच्या बाजूला नजर टाकून, "बाई, तुम्ही बोलू नका."

वरून माणसं उतरत होती. सर्वांत पुढे गवंडी, त्याच्यामागे तात्या. एका वाक्याचं काम होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी वीस माणसांपुढे पैज उलटली असती. पण त्याच वीस माणसांपुढे एकदा हा माणूस खोटा पडला होता. आज दुसऱ्यांदा पडला असता, आणि पाडणारी मी असते. आणि जिचं सगळं पणाला लागलं होतं, तीच मला गप्प राहायला सांगत होती.

"काय, बाई," गवंडी म्हणाला, "शास्त्र हरलं का न्हाई?"

"हरलं म्हणायचं," मी म्हणाले. "हौद उत्तम बांधलात."

तात्यांनी एकदम वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग भरावाकडे, मग यमुनेकडे. मला राहवलं नाही.

"म्हशीची सोय मात्र फार विचारपूर्वक केलीत, तात्या. खाली रुंद, वर निमुळती. म्हशीला असंच लागतं."

ते खाकरले. "व्हय," म्हणाले. "म्हस वजनदार हाय."

"पाण्याइतकीच," मी म्हणाले.

गवंड्याला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. तो माणसांना घेऊन गुऱ्हाळाकडे वळला. नव्या गुळाचा वाटा व्हायचा होता.

गाडी अंगणाच्या तोंडाशी जुंपून तयार होती. निरोप घ्यायला मी यमुनेला शोधलं, पण ती कुठे दिसली नाही. बरंच झालं, असं मनाशी म्हणाले. काय सांगणार होते मी तिला? गाडीत चढून बसले, पदर सावरला आणि गाडीवानाला म्हणाले, "चला." बैलांनी माना हलवल्या, घुंगरं वाजली, चाक अर्धं वळलं.

एवढ्यात तात्या गोठ्याच्या बाजूने आले. घाई न करता, बैलांच्या पुढून. त्यांनी जुवावर हात ठेवला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते घराच्या दाराकडे पाहत होते. आतून भांडी हलवल्याचे आवाज येत होते, यमुनेची आई कुणाला तरी सांगत होती की पेटीत धुतलेलं पातळ खाली ठेव, वह्या वर, म्हणजे चुरगळायच्या नाहीत. गुऱ्हाळाकडची माणसं ऐकणार नाहीत इतक्या हळू, जुवाच्या खुंटीशी बोलावं तसं, तात्या मला म्हणाले,

"थांबा."